दातांचा ब्रश: कोणता घ्यायचा, कुठे ठेवायचा, कधी टाकायचा?

मोगरा_कोथरूड

नमस्कार मंडळी. दुकानात ब्रशच्या रांगेपुढे उभं राहिलं की मला काही सुचत नाही. सॉफ्ट, मीडियम, हार्ड, कोळशाचा, वाकड्या मानेचा, मागे जीभ घासायला खडबडीत रबर असलेला. आमच्या घरात सहा जण आणि प्रत्येकाची गरज वेगळी, म्हणून हा धागा काढतेय.

निमित्त सासूबाईंचं. गार पाणी लागलं की त्यांच्या दातांतून कळ जाते. दवाखान्यात नेलं तर डॉक्टरांनी आरसा धरून दाखवलं: वरच्या सुळ्यांना आणि त्यामागच्या दातांना, अगदी हिरडीला लागून, आडव्या खाचा पडल्यात. नख फिरवलं तर अडकतं. मला वाटलं कीड असेल. डॉक्टर म्हणाल्या, कीड नाही, घासून झालेली झीज आहे. सासूबाई गेली कित्येक वर्षं हार्ड ब्रश वापरतात. 'मऊ ब्रशनं दात घासल्यासारखं वाटतच नाही', हे त्यांचं म्हणणं.

घरातले बाकीचे असे: मुलगा बारावीत, दातांना तारा लावल्यात. धाकटी पाच वर्षांची. सासऱ्यांना खालची कवळी. आम्ही दोघं धडधाकट. सगळ्यांचे ब्रश एकाच पेल्यात, बेसिनवर. कुणाला काय घ्यावं, किती दिवसांनी बदलावं, आणि ठेवायचे कसे? अनुभव सांगा.

नीलकंठ_सदाशिव पेठ

सॉफ्ट घ्या, तीन महिन्यांनी बदला. विषय संपला.

सायली_म

@नीलकंठकाका, विषय संपवायची एवढी घाई का? मी तर चहा घेऊन बसलेय वाचायला. :)

कृष्णाकाठ

मी दंतवैद्य आहे, सिंहगड रस्त्याला दवाखाना आहे. मोगराताईंनी वर्णन केलेल्या खाचा माझ्याकडे जवळजवळ रोज येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दाताच्या वरच्या भागावर इनॅमलचं कवच असतं. शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ तो. पण हे कवच हिरडीकडे येता येता पातळ होत जातं आणि मुळावर नसतंच. हिरडी खाली सरकली की मुळाचा मऊ भाग उघडा पडतो. त्यावर रोज दोनदा आडवा रंधा मारला की खाच पडणारच. सुळे आणि त्यामागचे दात जास्त का झिजतात? जबड्याची कमान तिथे वळते आणि ते दात बाहेर आलेले असतात, त्यामुळे हाताचा सगळा जोर त्यांच्यावर येतो. उजव्या हातानं घासणाऱ्यांच्या बहुधा डाव्या बाजूला खाचा जास्त खोल दिसतात. आजींच्या तोंडात पाहा, तसंच असेल.

यात पेस्टचाही वाटा आहे. नुसत्या पाण्यानं ब्रश फिरवला तर झीज फारच कमी होते. पेस्टमधले घासणारे कण आणि वरून जोर, हे दोन्ही एकत्र आलं की काम होतं. 'दात पांढरे करणारी' पेस्ट म्हणून विकतात, त्यातल्या बऱ्याच जास्त खरखरीत असतात. दात शिवशिवत असतील त्यांनी त्या बंद कराव्यात.

ब्रश सॉफ्ट. डोकं लहान, म्हणजे शेवटच्या दाढेच्या मागेही पोचेल असं. केसांची टोकं गोल केलेली. एवढं असलं की वीस रुपयांचा ब्रशही उत्तम. हार्ड ब्रश मी कुणालाच सांगत नाही.

आणि धरायचा कसा, ते ब्रशपेक्षाही महत्त्वाचं. मुठीत नाही, पेनसारखा बोटांत. केस हिरडीच्या कडेवर तिरके टेकवायचे, साधारण ४५ अंशांत, आणि जागच्या जागी बारीक हलवायचे. मग दोन दात पुढे सरकायचं. दाताला चिकटणारा थर मऊ असतो, त्याला जोर लागत नाही, वेळ लागतो. दोन मिनिटं, दिवसातून दोनदा. त्यातली रात्रीची वेळ चुकवू नका.

पाटील_वाघोली

डॉक्टरसाहेब, पटलं नाही. आमचे आजोबा पंच्याऐंशी वर्षांचे होऊन गेले, आयुष्यभर राखुंडी आणि बोट. बत्तीसच्या बत्तीस दात. भाकरीचा पापुद्रा काय, ऊसही दातानं सोलायचे. ब्रश त्यांनी हातात धरला नाही. सगळी फॅडं आताची.

मोरावळा

पाटीलसाहेबांना अनुमोदन. आमच्याकडे बाभळीची काडी असायची. एक टोक चावून चावून कुंचला करायचा, घासून झालं की काडी उभी चिरून तिनं जीभ खरवडायची. वापरून फेकली तरी माती होणारी वस्तू. अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात, दिनचर्येच्या अध्यायात, दात घासायची काडी कशी असावी ते दिलंय: बारा अंगुळं लांब, करंगळीएवढी जाड, तुरट, तिखट किंवा कडू चवीची.

कृष्णाकाठ

मोरावळा, त्याच श्लोकात आणखी दोन गोष्टी आहेत. काडीचं टोक मऊ असावं, आणि हिरड्यांना इजा न करता घासावं. सकाळी आणि जेवणानंतर, असंही. मी माझ्या पेशंटना याहून वेगळं काही सांगत नाही.

पाटीलसाहेब, आजोबांचे दात टिकले याचा मला आनंद आहे. त्यांच्या ताटात साखर किती होती ते आठवून बघा. गूळ असेल, तोही कधीमधी. चहा-बिस्किटं दिवसातून चारदा नसणार. दाताला कीड लागते ती तोंडातले जंतू साखर खाऊन आम्ल तयार करतात त्यामुळे, आणि ते जितक्या वेळा घडेल तितकं नुकसान जास्त. राखुंडीनं दात चमकतात ते पृष्ठभाग खरवडला जातो म्हणून. तेच कोळशाच्या पावडरचं.

एक मात्र कळकळीनं सांगतो. राखुंडीवरून लोक मिश्रीवर जातात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू, दुसरं काही नाही. 'मी तंबाखू खात नाही, फक्त दात घासते' असं सांगणाऱ्या बायका माझ्याकडे गालात पांढरे चट्टे घेऊन येतात. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला आपल्याकडे १९९२ पासून बंदी आहे, पण मिश्री घरीच तव्यावर भाजली जाते. कुणाच्या घरात चालू असेल तर आधी ती बंद करा, ब्रशचं नंतर बघू.

हिरवाई_बाणेर

मिश्रीबद्दल अगदी खरं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी दिवसातून चार-पाचदा लावायच्या. गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला म्हणून कॅम्पातल्या दंत महाविद्यालयाच्या ओपीडीत घेऊन गेले. तपासणी नाममात्र पैशांत झाली. तिथल्या मुलीनं त्यांना इतकं नीट समजावलं की मावशींनी पुडी तिथेच टाकली. अधूनमधून तलफ येते म्हणतात, तेव्हा बडीशेप चघळतात.

पाटील_वाघोली

मिश्रीबद्दल दुमत नाहीच. आजी लावायची, तिचं जे झालं ते आम्ही पाहिलंय.

सायली_म

😔 पाटीलदादा...

टकाटक_तळजाई

ब्रश ठेवण्यावर कुणी बोललंच नाही! पुण्यात पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत तिथे ब्रश काय वाळणार. आणि झुरळं. रात्री दोन वाजता उठून दिवा लावला आणि ब्रशच्या केसांवर मिशा हलताना दिसल्या. त्या दिवसापासून प्रत्येक ब्रशला टोपी.

कृष्णाकाठ

टोपी लावा, पण हवा खेळेल अशी, भोकं असलेली. बंद डबीत ओला ब्रश ओलाच राहतो आणि जंतूंना तेच हवं असतं. ब्रश वापरून झाल्यावर वाहत्या पाण्याखाली धुवायचा, बेसिनच्या कडेवर आपटून पाणी झटकायचं, आणि डोकं वर करून उभा ठेवायचा. प्रवासात बंद डबी चालेल, घरी आल्यावर बाहेर काढायची. मोगराताई, एका पेल्यात सहा ब्रश ठेवले की डोकी एकमेकांना टेकतात. खाचा असलेला स्टँड घ्या, किंवा दोन-तीन पेले करा. पेल्याचा तळही आठवड्याला घासा, तिथे जो बुळबुळीत थर साचतो तो बघण्यासारखा असतो.

ब्रश अँटिसेप्टिकमध्ये बुडवून ठेवणं, उकळणं, मायक्रोवेव्हमध्ये घालणं यातलं काही करू नका. गरज नाही, आणि केस वाकतात.

वाड्यातला_वसंत

आमच्या शनिवारातल्या वाड्यात हे सगळं आपोआप व्हायचं. संडास अंगणाच्या त्या टोकाला आणि मोरी या टोकाला. प्रत्येक बिऱ्हाडाचे ब्रश मोरीच्या खिडकीच्या गजाला दोऱ्यानं टांगलेले, ऊन थेट त्यांच्यावर. आता फ्लॅटमध्ये कमोडपासून दोन हातांवर बेसिन. निदान झाकण पाडून फ्लश करा आणि ब्रश बेडरूमच्या खिडकीत ठेवा, असं मी सुनेला सांगतो. ती ऐकते.

सकाळी सहाला वाड्यात जीभ घासायचे जे आवाज यायचे, त्यावरून कोण उठलंय ते आई स्वयंपाकघरातून ओळखायची!

गणेशखिंड_गिरीश

इलेक्ट्रिक ब्रशबद्दल कुणाचा अनुभव? मी वापरतोय आणि दात जिभेला गुळगुळीत लागतात. २०१४ साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेनं अनेक चाचण्या एकत्र करून तपासलं होतं: तीन महिन्यांहून जास्त वापरानंतर साध्या ब्रशच्या तुलनेत दातांवरचा थर सुमारे २१ टक्के आणि हिरड्यांची सूज सुमारे ११ टक्के कमी. तर मग सगळ्यांनी तोच का घेऊ नये?

नीलकंठ_सदाशिव पेठ

कारण त्याच्या एका डोक्याच्या किमतीत माझ्या घरचे वर्षभराचे ब्रश येतात. आणि ते डोकंही तीन महिन्यांनीच बदलायचं आहे, गिरीशराव.

कृष्णाकाठ

दोघांचंही बरोबर. ज्यांना घासायचं तंत्र जमतं त्यांना साधा ब्रश पुरतो. ज्यांचे हात थरथरतात, सांधे आखडलेत, किंवा जे दुसऱ्याचे दात घासून देतात, त्यांना मी इलेक्ट्रिक सुचवतो. जोर जास्त झाला की दिवा लागतो असे काही ब्रश येतात, आजींसारख्यांना त्याचा फायदा होतो. मात्र तो दातांवर 'घासायचा' नसतो. एकेका दातावर नुसता टेकवायचा, बाकी काम यंत्र करतं.

शब्दुली

माझ्या आईला संधिवात आहे, बारीक दांडा धरता येत नाही. सायकलच्या हँडलचं रबरी ग्रिप ब्रशच्या दांड्यावर चढवलंय, आत कापडाची पट्टी गुंडाळून घट्ट बसवलं. आता आई स्वतःचे दात स्वतः घासते. आधी मला घासून द्यावे लागायचे आणि तिला ते फार लागायचं मनाला. इलेक्ट्रिक घेण्याआधी हे करून बघा.

सायली_म

शब्दुली, किती सुंदर. माझ्या आजीसाठी आजच करते.

हिरवाई_बाणेर

बांबूच्या ब्रशबद्दल लिहिते. दांडा मातीत जातो, पण केस बहुतेक सगळ्या बांबू ब्रशांचे नायलॉनचेच असतात. टाकताना पकडीनं केस उपटायचे, ते सुक्या कचऱ्यात, दांडा कुंडीत. पावसाळ्यात दांड्याच्या बुडाशी काळी बुरशी धरते, म्हणून वापरून झाला की पुसून आडवा जाळीवर ठेवते.

साध्या ब्रशचं दुखणं असं की दांडा एका प्लॅस्टिकचा, पकड रबराची, केस नायलॉनचे आणि ते रोवायला धातूची बारीक पट्टी. आमच्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या 'स्वच्छ'च्या ताईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, याला भंगारात कुणी घेत नाही.

वाड्यातला_वसंत

नायलॉन आलं तेच १९३८ मध्ये, अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीच्या नायलॉनचा पहिला ब्रश निघाला. त्याआधी ब्रशला रानडुकराचे केस असत. आमचे आजोबा ब्रशला हात लावायला तयार नव्हते, त्यामागे हेच कारण होतं. घरात काडीच चालायची.

पाटील_वाघोली

बघा! आमच्या आजोबांचंही हेच असणार. :))

टकाटक_तळजाई

अहो हिरवाई, जुना ब्रश कचऱ्यात कशाला? आमच्या घरी ब्रश निवृत्तच होत नाही. आधी केसांच्या डायला, मग कंगवा धुवायला, मग गॅसच्या बर्नरला, मग समईच्या नक्षीतली काजळी काढायला. शेवटी केस उरले नाहीत की दांड्याच्या भोकात नाडी ओवून परकरात!

सायली_म

नाडी!!! मला वाटलं फक्त आमच्याच घरी. हल्लीच्या दांड्यांना भोक नसतं, आई त्यावरून कंपन्यांवर चिडलेली असते.

गणेशखिंड_गिरीश

सायकलची चेन साफ करायला दुसरं काहीही याच्या तोडीचं नाही. फक्त डायचा आणि चेनचा ब्रश बेसिनपासून लांब ठेवा, दांड्याला लाल टेप लावा. पाहुण्यांच्या हाती लागू नये.

मोगरा_कोथरूड

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टर, डाव्या बाजूच्या खाचा खरंच जास्त खोल आहेत, सासूबाईंनी स्वतः आरशात बघितल्या. सॉफ्ट ब्रश आणलाय. पण पहिल्याच सकाळी त्यांनी तो असा दाबला की केस चहूबाजूंनी फाकले. त्या सकाळी उठल्या उठल्या कोमट लिंबूपाणीही घेतात आणि लगेच दात घासतात. चालतं का? आणि कवळी, तारा, धाकटी, ताप येऊन गेल्यावर ब्रश बदलायचा का, हे राहिलंच.

कृष्णाकाठ

लिंबूपाण्यानंतर लगेच नको. आम्लानं दाताचा पृष्ठभाग तात्पुरता मऊ पडतो, त्यावर ब्रश फिरवला की झीज वाढते. आधी दात घासून मग लिंबूपाणी, किंवा नंतर किमान अर्धा तास थांबायचं. तोवर साध्या पाण्यानं चूळ भरावी. कैरी, चिंच, कोकम, सगळ्यालाच हे लागू आहे. पित्तानं आंबट पाणी वर येत असेल तरी.

जोर कमी करायला एक उपाय: ब्रश अंगठा आणि दोन बोटांतच धरायचा, किंवा काही दिवस डाव्या हातानं घासायचं. नवा ब्रश महिन्याभरात फाकत असेल तर हात जड आहे असं समजा. बदलण्याचं साधं गणित हेच: तीन-चार महिने झाले, किंवा त्याआधी केस फाकले, जे आधी होईल ते. फाकलेले केस हिरडीच्या कडेला पोचत नाहीत, नुसतेच दातावरून घसरतात.

कवळीला वेगळा ब्रश आणि साधा साबण. टूथपेस्ट नको, तिच्यानं बारीक चरे पडतात आणि त्यांत घाण बसते. गरम पाणीही नको, कवळीचा आकार बिघडतो. धुताना बेसिनमध्ये पाणी भरून घ्या किंवा तळाशी जाड टॉवेल पसरा. हातून निसटली तर तुटत नाही. रात्री काढून साध्या पाण्यात ठेवायची, हिरड्यांना विश्रांती हवी. उरलेले दात मात्र पेस्टनंच घासायचे.

धाकटीला लहान डोक्याचा सॉफ्ट ब्रश आणि वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट. तीन वर्षांखालच्यांना तांदळाच्या दाण्याएवढी. जाहिरातीत दाखवतात तशी लांबलचक पट्टी कुणालाच लागत नाही. सात-आठ वर्षांची होईपर्यंत मोठ्यांनी हात फिरवायलाच हवा. तिला मांडीवर मागे रेलवा, म्हणजे मागच्या दाढा दिसतील.

तापानंतर नवा ब्रश घेतलाच पाहिजे असं नाही. तो आजार घरात दुसऱ्याला जाऊ नये म्हणून ब्रश वेगळा ठेवा, एवढं पुरे. ज्यांची केमोथेरपी चालू आहे किंवा प्रतिकारशक्ती फारच कमी आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावं.

आणि पेस्ट थुंकल्यावर खळखळून चुळा भरू नका. फ्लोराइड दातांवर थोडं राहू द्यायचं असतं.

नीलकंठ_सदाशिव पेठ

चूळ भरायची नाही? तोंडात फेस तसाच ठेवून चहा प्यायचा? डॉक्टर, बाकी सगळं मान्य, हे जमणार नाही.

कृष्णाकाठ

काका, सकाळी एक छोटी चूळ भरा. रात्री नुसतं थुंकून झोपा. रात्री तर चहा नसतो?

नीलकंठ_सदाशिव पेठ

नसतो. बरं, रात्रीचं करून बघतो.

अद्वैत_एफवाय

तारांबद्दल मी सांगतो, माझ्या आत्ताच निघाल्या. मध्ये खाच असलेला ब्रश मिळतो, केस तारेच्या वर आणि खाली दोन्हीकडे बसतात. त्याहून उपयोगी पडला तो बाटली धुवायच्या ब्रशसारखा दिसणारा इवलासा ब्रश. तारेखालून सरकवायचा. मिसळ खाल्ल्यावर शेव कुठे कुठे अडकते ते तारा असलेल्यालाच माहीत. कॉलेजच्या बॅगेत एक ठेवायला सांगा. काळजी घेतली नाही तर तारा निघाल्यावर दातांवर खडूसारखे पांढरे चौकोन उरतात, माझ्या मित्राच्या उरलेत.

मोगरा_कोथरूड

अद्वैत, खूप आभार, तुझं पोस्ट मुलाला वाचून दाखवलं. मिसळीचं त्याला लगेच पटलं! हा इवलासा ब्रश कुठे मिळतो? आणि सासूबाईंच्या दाढांमध्ये फट आहे, तिथे जेवण अडकतं. त्यांना चालेल का?

अद्वैत_एफवाय

मोठ्या औषधांच्या दुकानात मिळतो, काकू. आमच्या इथे टिळक रस्त्यावर सहज मिळाला. पाकिटावर आकाराचा नंबर असतो.

कृष्णाकाठ

आजींना नक्कीच चालेल, फट असलेल्यांना दातांत फिरवायच्या दोऱ्यापेक्षा (फ्लॉसपेक्षा) तोच बरा. पण आकार अंदाजानं घेऊ नका. खाचा भरायला दवाखान्यात जाल तेव्हा डॉक्टरांना फटी मोजून नंबर लिहून द्यायला सांगा. पुढच्या आणि मागच्या फटींना वेगवेगळा लागू शकतो. ब्रश सहज सरकला पाहिजे, अडला तर जबरदस्ती करायची नाही. तार वाकली किंवा केस गळले की तो टाकायचा, याला तीन महिन्यांचा नियम नाही.